फरशीखालची थाप

डोंगराच्या पायथ्याशी माझं आणि वहिनीचं शिवणाचं दुकान होतं. आजोबांच्या काळात तो डोंगर कोसळला होता आणि जुनी गल्ली माणसांसकट गाडली गेली होती. आमची गल्ली तिच्याच डोक्यावर वसलेली.

त्या दुपारी फरशीखालून दार वाजवल्यासारखा आवाज आला.

"उंदीर असेल," वहिनी म्हणाली.

"उंदीर कधीपासून दार वाजवायला लागले?"

ती हसली, पण तिचं मशीन थांबलं. थापा आता घाईघाईने पडत होत्या. आम्ही रस्त्यावर आलो, तर शेजारचा न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर उभा होता. समोरच्या म्हातारबाईही काठी टेकत आल्या. प्रत्येकाच्या फरशीखाली कुणीतरी दार वाजवत होतं. बघता बघता सगळी गल्ली पलीकडच्या चौकात जमली आणि आमच्या पाठीमागे डोंगर खाली आला.

एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

चिखल वाळल्यावर आम्ही दोघी आमचं दुकान गाडलं गेलं होतं तिथे गेलो. वहिनीने गुडघे टेकले, जमिनीवर हात ठेवला आणि घरातल्या थोरल्या माणसांशी बोलावं तशी म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू? आम्ही सगळे वाचलो हो."

खालून हलकीशी थाप आली. माझे डोळे भरून आले. मीही वाकून हात टेकवला.

पुन्हा आवाज आला, पण तो खोलवरून नव्हता. आमच्याच दुकानाच्या शटरचा खडखडाट मी ओळखला. कुणीतरी ते आतून वाजवत होतं.