चूक पोचली

रकाना रिकामा होता. पंकजानं पुन्हा वरून खाली पाहिलं. एक हजार तीनशे बारा भक्त. प्रत्येकाचं नाव होतं, गाव होतं, मोबाईल नंबर होता. 'चूक' या मथळ्याखाली मात्र सगळीकडे पांढरं.

ॲप बनवलं होतं पंकजानं, पण कल्पना सोनईच्या मोबाईल दुकानदाराची, वाल्मिकशेठची. शनिशिंगणापूरला येणाऱ्या माणसानं आपल्या हातून घडलेली चूक फोनवर लिहायची आणि बटण दाबायचं. 'तुमची चूक पोचली' अशी अक्षरं उमटत. कोणाला पोचली, हे लिहिलेलं नव्हतं.

"शेठ, चूक कोणालाच दिसायला नको म्हणता," पंकजानं तेव्हा विचारलं होतं. "मग देव वाचणार कुठून? त्याला लॉगिन द्यायचं का?"

"त्याला लॉगिन लागत न्हाई, ताई," शेठ गंभीरपणे म्हणाले होते. "तुमच्या गावातल्या घरांना तरी कुठं दारं हायत?"

पंकजाच्या शिंगणापुरातल्या घरालाही दार नव्हतं. चौकटीत नुसता पडदा. येणारा बाहेर खाकरायचा आणि आत यायचा. अशा घरात बसून ती पोटासाठी माहितीला दारं बसवत असे. जावा या संगणकाच्या भाषेत रकाने मांडले, की त्यांची दारं यंत्रच तयार करून देतं. मागणारा आला की दारादारातून आतली माहिती काढायची, तिचं जेसन नावाचं गाठोडं बांधायचं आणि फोनकडे धाडायचं. चूक त्या गाठोड्यात जाऊ नये म्हणून तिनं पहिल्याच दिवशी त्या रकान्याच्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवली होती: इग्नोर, म्हणजे दुर्लक्ष कर.

शनिवारी ॲप सुरू झालं. आज मंगळवार. सकाळीच शेठचा फोन आला, एका पुढाऱ्याला आपली चूक मागं घ्यायची आहे, त्याला तिकीट मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. ती पुसायला म्हणून पंकजानं साठा उघडला, आणि पुसायला काही सापडेना.

गडबड कळायला दुपार झाली. दुर्लक्ष तिनं जातानाचं सांगितलं होतं. यंत्रानं येतानाचंही केलं. फोनवरून आलेलं गाठोडं सोडताना त्यानं नाव घेतलं, गाव घेतलं आणि चूक तिथंच टाकून दिली. तेराशे बारा माणसं मन हलकं करून घरी गेली होती, आणि त्यांची एकही चूक कुठं पोचली नव्हती.

पंकजा खुर्चीत मागं टेकली. तिला लाज वाटायला हवी होती. पण आधी सुटल्यासारखं वाटलं. कारण यादीतलं पहिलं नाव तिचंच होतं. शुक्रवारी चाचणी घेताना काहीतरी लिहायला हवं होतं, आणि बोटांनी तिला न विचारता लिहिलं होतं:

'बारा वर्षांपूर्वी आरती मला घोडेगाव फाट्यावर भेटली. सासरहून पळून आली होती. एका चपलेचा अंगठा तुटलेला. म्हणाली, आईला एकटीला पाठव, मी इथंच थांबते. मी आधी टायपिंगच्या क्लासला गेले. परत आले तेव्हा अंधार पडला होता. निरोप दिला नाही.'

आरती त्यानंतर कोणालाच दिसली नाही. तिची आई, मालनबाई, समोरच्याच घरात राहत होती. "तुला काय म्हनली व्हती का गं?" असं तिनं एकदाच विचारलं होतं. "न्हाई, मावशी," पंकजा म्हणाली होती. मग रोजच 'न्हाई' म्हणत राहावं लागलं. तोंडानं नव्हे, समोर दिसली की नुसतं हसून.

आता त्या ओळीही गेल्या होत्या. ना साठ्यात, ना फोनवर, ना कागदावर. दुरुस्ती एका ओळीची होती: येऊ द्यावे, जाऊ देऊ नये. तिनं ती केली. आपलं लिहिलेलं मात्र पुन्हा भरलं नाही. लॅपटॉप मिटला.

बाहेर टळटळीत ऊन होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पडद्यापलीकडे कोणीतरी खाकरलं.

मालनबाई आत आली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, पण चेहरा असा, की पंकजानं तो बारा वर्षांत पाहिला नव्हता. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पाणी मागितलं. तांब्या एका दमात संपवला.

"एवढ्या उन्हात कुठं गेल्ता, मावशी?"

"घोडेगाव फाट्याला. चालतच गेले. निरोप आल्ता."

"कोणाचा?"

मालनबाईनं काखेतली पिशवी उघडली. आतून एक पोरीच्या मापाची चप्पल काढली आणि उंबऱ्यापाशी जपून ठेवली. अंगठा तुटलेला होता.

"सांधून आन म्हनली. तवर तिथंच थांबते म्हनली." मालनबाईनं पदरानं तोंड पुसलं. "रागवली न्हाई गं, पंके. एवढंच इचारलं, पंकीचा क्लास सुटला का?"