पुसलेली ओळ

‘पडद्यावर वाक्यं नकोत, चित्र पुरे,’ हे बाबांनीच मला शिकवलेलं. जन्मभर त्यांनी पूल बांधले आणि पुलांविषयी व्याख्यानं दिली. म्हणून यंदाच्या व्याख्यानाच्या स्लाइड्स उघडल्यावर मला हसूच आलं. वाक्यांनी नुसत्या खच्चून भरलेल्या! ‘नमस्कार, मी पूल बांधायचो’पासून थेट ‘पहिल्या रांगेत बसलेली चष्मेवाली माझी मुलगी’पर्यंत. ‘म्हातारपणी लाडात आलेत,’ म्हणत मी त्यांना न विचारताच सगळं पुसलं आणि फक्त पुलांचे फोटो ठेवले. सभागृह भरलं. बाबांनी रिमोट दाबला, पडद्यावर पूल आला. ते पडद्याकडे वळले आणि तसेच उभे राहिले. अंगठा रिमोट दाबत राहिला. पूल, पूल, पुन्हा पूल. पहिल्या रांगेतून मी पुढे वाकले. ‘बाबा, बोला ना,’ मी कुजबुजले. त्यांनी घाबरून माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे पाहिलं. ‘मॅडम, इथं माझं सगळं लिहिलेलं होतं हो.’