मोतीरामची तूर

"बाई, तुमची थैली परत न्या," चंद्रभान म्हणाला. "माह्या वावरात माह्या बापाचीच तूर पेरल्या जाईन."

कृषी सहायक माधवी ओट्यावर बसली होती. नव्या तुरीला मर लागत नाही, हे सांगत ती नांदगाव खंडेश्वरकडची गावं पालथी घालत होती. लोक ऐकून घेत, चहा पाजत आणि शेवटी म्हणत, आधी चंद्रभान काय पेरतो ते पाहू. म्हणून ती इथे आली होती.

गेली दोन वर्षं चंद्रभानची निम्मी तूर मर लागून वाळली होती. यंदाही गेली तर वावर मक्त्यानं द्या आणि इकडे राहायला या, असं शहरात, राजापेठेत राहणाऱ्या मुलानं, गजेंद्रनं बजावलं होतं. त्या विचारानंच चंद्रभानला घास गोड लागत नसे. पण बाप मोतीरामनं जपलेलं बियाणं सोडायचं म्हणजे बापालाच घराबाहेर काढायचं, असं त्याला वाटे. माणूस हट्टी होता, वाईट नव्हता.

माधवी थैली तिथेच ठेवून गेली. बियाण्याला औषध लावलेलं नव्हतं. चंद्रभाननं थैली बायकोकडे सरकवली आणि हिची डाळ भरडून वरण कर म्हणून सांगितलं. गोदाबाई "बरं" म्हणाली. लग्न झाल्यापासून नवऱ्याला आणि सासऱ्याला, म्हणजे मामाजींना, ती तेवढंच म्हणत आली होती.

बियाण्याच्या मडक्यात पुरुषानं हात घालायचा नाही, अशी त्या घरची रीत. पेरणीच्या दिवशी गोदाबाईनं राख चोळलेली तूर काढून नवऱ्याच्या दुपट्ट्यात घातली. त्यानं बापाचं नाव घेऊन पहिली मूठ मातीत सोडली.

घरात तुरीचं वरण शिजू लागलं. थैलीतल्या तुरीचं म्हणून चंद्रभान दरवेळी तोंड वाकडं करी. चव ना ढव, बाबाच्या तुरीची सर नाही, म्हणे. ताट मात्र चाटूनपुसून ठेवी.

दिवाळी सरली. शेजारच्या देवमनची तूर उभ्या उभ्या वाळली आणि चंद्रभानची शेंगांनी वाकली. मग काय, गडी हवेतच. गाव वावराच्या बांधावर, धुऱ्यावर जमलं. ऐकून माधवीही आली.

"पाहा बाई, बापाची तूर," चंद्रभान सगळ्यांसमोर म्हणाला. "तुमची त आमी खाऊन टाकली."

लोक हसले. देवमननं तिथेच पुढच्या सालासाठी बियाणं मागितलं, त्याच्यामागून सगळ्यांनीच. माधवीला रडू आवरेना. उन्हातान्हात केलेली सगळी वणवण पाण्यात गेली होती.

गोदाबाई तिला हाताला धरून घरी घेऊन आली. ताट वाढलं, वरणावर तेल सोडलं. तेवढ्यात बाहेर ओट्यावरून चंद्रभानचा आवाज आला. तो गजेंद्रशी फोनवर बोलत होता.

"मी काई येत नाई राजापेठले. बाबानं वावर राखलं."

गोदाबाईचे डोळे भरून आले. तिनं पदरानं पुसले, माधवीच्या शेजारी बसली आणि डाळीचा डबा तिच्यासमोर उपडा केला.

"पोटभर जेव, माय," ती हळूच म्हणाली. "मामाजीच्या तुरीची डाळ आज संपली."