सामाईक भिंत

“शेजारचा आवाज येत नाही ना?” घर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं.

दलाल या प्रश्नाची वाटच बघत होता. “आवाज? अहो, हातभर जाडीची भिंत आहे ही. दोन घरांत सामाईक असली म्हणून काय झालं! वारसा यादीतलं घर आहे, आजकालचं खोकं नव्हे.”

घरमालकिणीची लेक जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. आई गेल्यापासून घर दाखवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं. भाऊ फोनवरून सल्ले द्यायला मोकळा. माणसं यायची, छतावरची चुन्याची फुलं आणि सज्जाची लोखंडी जाळी बघून तोंडभर कौतुक करायची, आणि “कळवतो” म्हणून जायची ती जायचीच. या जोडप्याने तरी हो म्हणावं. पुन्हा एकदा कुलूप उघडून आईच्या रिकाम्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

“हे बघा.” दलालाने बोटं दुमडून भिंतीवर दोनदा ठोकलं. “भरीव! पोकळ निघाली तर नाव बदलीन.”

लेक कठडा सोडून झटकन पुढे आली. ती काही बोलणार एवढ्यात पलीकडून उत्तर आलं.

ठक. ठक.

दलालाने भिंतीवरचा हात झटकन मागे घेतला.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“जुने नळ आहेत,” लेक म्हणाली. “वाजतात कधीकधी.”

नळ कसले आणि काय! अलीकडून दोन ठोके म्हणजे चहा टाकलाय, ये. पलीकडून दोन ठोके म्हणजे आलेच. आई आणि शेजारच्या काकूंचं उभा जन्म हे असं चाललं होतं. घरात फोन आले, पुढे ते हातातही आले, पण या दोघी भिंत सोडायला तयार नव्हत्या. सगळी गल्ली त्यांना हसायची.

तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, धाप लागलेली.

“काकू, अहो, आई...” लेकीने त्यांना हाताला धरून आत घेतलं.

“माहीत आहे गं मला. माझ्या डोळ्यांदेखत नेलं तिला. एवढी काही भ्रमिष्ट नाही झाले अजून.” काकूंनी दम घेतला. “पण ठोकल्यावर ओ तरी द्यायला नको का?”

इतके दिवस लेकीने मोठ्या हिकमतीने आवरून धरलं होतं. नातेवाइकांसमोर नाही, भावासमोर नाही, आणि आज या परक्या माणसांसमोर ती काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दलालाने खिशातून रुमाल काढला, तो कुणाला द्यावा हे त्याला कळेना, म्हणून परत ठेवून दिला.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

“आम्हाला घर पसंत आहे,” बाई हलकेच म्हणाल्या.

याच शब्दांसाठी लेक देव पाण्यात घालून बसली होती. आता ते कानावर पडले तर तिला नुसतं ओकंबोकं वाटलं.

काकूंनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बाईंना नीट निरखलं.

“राहायला आलात की खिळेबिळे ठोकाल,” त्या म्हणाल्या. “ठोका हो, घर तुमचंच आहे. फक्त आधी येऊन मला सांगा. नाहीतर मी आपली उठून निघते.”