साइड

आसेगावच्या फाट्यावर उज्ज्वलानं पिकअप थांबवली. मागं वांग्याचे कॅरेट आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या, शेजारी सासू सीताबाई, समोर मोठा रस्ता. उजवीकडं पाहायचं, डावीकडं पाहायचं आणि निघायचं, एवढंच काम. पण मानेतले तीन मणके पट्टी आणि स्क्रू घालून एकमेकांना जोडल्यापासून तिची मान कुठल्याच बाजूला पुरती वळत नव्हती.

डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली होती. घरानं दिली नव्हती. नवऱ्याचं, दिनेशचं, एकच पालुपद: मागचं दिसणार नाही आणि कुठंतरी घात होईल. बरीच वादावादी होऊन शेवटी ठरलं. आज तिनं दिनेशशिवाय माल मंगरुळपीरच्या बाजारात धड पोचवला तर स्टेअरिंग तिचं, नाहीतर उद्यापासून गोपीचंद ड्रायव्हर. दिनेशनं मागं यायचं नाही, हीसुद्धा अट होती. ती त्यानं आईची शपथ घेऊन कबूल केली होती. आई मात्र कुणाला न विचारता गाडीत येऊन बसल्या होत्या.

उज्ज्वला कमरेतून वळली, खांद्यासकट. मानेचं काम कमरेला शिकवण्यात तिनं सारा पावसाळा घातला होता. अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि इकडून तिकडं फिरत राहायची. गल्लीतल्या बायांनी पोटभर हसून घेतलं, मग त्याही कंटाळल्या. आता उजवीकडून एसटी आली, गेली. डावीकडचा रस्ता मोकळा होता. पिकअप अलगद मोठ्या रस्त्याला लागली आणि सीताबाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

थोडं पुढं गेल्यावर आरशात एक मोटारसायकल दिसली. चालवणाऱ्यानं तोंडाला दुपट्टा गुंडाळला होता, पण अंगातलं हिरवं स्वेटर उज्ज्वलानंच घेऊन दिलेलं होतं. ती हळू झाली की तो हळू, ती जोरात निघाली की तो जोरात. लपायची तसदीही त्यानं घेतली नव्हती. हिची मान वळत नाही म्हणजे हिला मागचं काही दिसत नाही, हे त्यानं पक्कं धरलं होतं.

उज्ज्वलाला वाईट वाटलं. राग नंतर आला, आधी वाईटच वाटलं.

"आई, तुमचा लेक मांगं येऊन राह्यला," ती म्हणाली.

सीताबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागं पाहिलं. मग म्हणाल्या, "माही शपथ खाऊन? येऊ दे त्याले घरी."

पुढं तुरीची पोती लादलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली रमतगमत चालली होती. तिच्यामागं रखडत राहिलं तर बाजार उठायच्या वेळी पोचायचं. समोरचा रस्ता लांबवर रिकामा होता. उज्ज्वलानं इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं. आरशात कुणी नव्हतं. शरम वाटून परत फिरला असेल, तिला वाटलं. स्टेअरिंगवरचे हात वळायला निघालेसुद्धा. पण कंबर सवयीनं आधी वळली.

हिरवं स्वेटर तिच्या दाराच्या जरा मागं होतं, मागच्या चाकापाशी. ही ट्रॉलीमागं का रेंगाळली ते पाहायला दिनेश उजव्या अंगानं पुढं घुसला होता आणि नेमका आरशात न सापडणाऱ्या जागी आला होता.

तिनं हात जागच्या जागी आवरले. पिकअप आपल्या रेषेत सरळ राहिली. मग एकदम इतका आनंद झाला की तिला हसू आवरेना. दिसलं होतं. आरशाला जे दिसलं नाही ते तिला दिसलं होतं.

नजर समोर ठेवून तिनं उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि ड्रायव्हर लोक मागच्याला देतात तशी खूण केली: जा पुढं.

दिनेशला दुसरा इलाज नव्हता. तो खिडकीच्या बरोबरीला आला, दुपट्टा आणखी नाकावर ओढला आणि खाली मान घालून पुढं निघून गेला.

"काय झालं व?" सीताबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. एकाले साइड देली."

मग ती पुन्हा कमरेतून वळली, रस्ता नीट पाहून घेतला आणि हॉर्न वाजवत ट्रॉलीला मागं टाकून पुढं निघाली. समोर मंगरुळपीरच्या रस्त्यावर दिनेशची मोटारसायकल धावत होती. त्याची मान चांगली धडधाकट होती, पण बाजार येईपर्यंत त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.