पाठ कशानं गेली

"पाठ कशानं गेली, ते खरंखरं लिहू," वकीलबाई म्हणाल्या. "अपिलाची ही शेवटची संधी आहे, दादा."

खरं एवढंच होतं, की जखमी निवृत्तीला पाठीवर घेऊन हवालदार सर्जेराव सहा तास बर्फाचा कडा उतरले होते. निवृत्ती 'आई, आई' करत कण्हत होता. छावणी दिसू लागली, तेव्हा त्याची हाक थांबली.

शेजारी निवृत्तीची आई बसली होती. वकीलबाईंनी मागवलेला मुलाच्या मृत्यूचा दाखला घेऊन ती स्वतः एसटीनं आली होती.

"गोळी लागली अन् लेकरू जागीच गेलं, तूच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "कीर्तनात हात जोडले की म्हणते, देवा, नेलंस, पण तळमळू दिलं नाहीस."

सर्जेरावांनी पाठीचा पट्टा सैल केला. "लिहा बाई, रजेवर गावी आलो होतो, तेव्हा चिंचेवरून पडलो."

"अहो, मग पेन्शन कसली मिळतेय? अपील संपलंच की!"

"संपू द्या."

"फौजेतला गडी अन् झाडावरून पडतोस होय रे?" म्हातारी डोळे पुसता पुसता हसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.