दवातली टाचणी
“दोनदा धू हं हात, साबण लावून,” पानं वाढता वाढता होणाऱ्या सासूबाईंनी बजावलं आणि चारुता मुकाट्याने बेसिनपाशी गेली. संशोधन केंद्रात ती घुशींचा अभ्यास करायची. नुसतं ऐकूनच या घराला मळमळायचं.

“शी! गटारातलं ते केसाळ धूड तुला हातात धरवतं तरी कसं? आमच्या निमिषचं बघ, कसं नाजूक काम!” सासूबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. गवताच्या काडीवर निळीशार टाचणी, चतुर या कीटकाची सडपातळ बहीणच, आणि तिच्या पंखांवर दवाचे थेंब. त्या बक्षीसपात्र फोटोवर भाळूनच तर चारुताने निमिषला होकार दिला होता.

दही काढायला तिने फ्रीज उघडला. दह्याशेजारच्या पारदर्शक डब्यात काहीतरी निळं हललं. टाचण्या होत्या. जिवंत. गारठलेले पाय कसेबसे हलवत होत्या.

“उद्याच्या फोटोसाठी,” मागून येत निमिष हसला. “गार पडल्या की उडत नाहीत. मग काडीला चिकटवायच्या आणि वरून पाण्याचा फवारा मारायचा. झालं दव!” त्याने लाडाने तिचा हात हातात घेतला.

चारुताला शिसारी आली.

“माझी घूस धरायला गेलं की कडकडून चावते तरी,” ती म्हणाली. “या बिचाऱ्यांना तेही जमत नाही.”

हात सोडवून घेऊन तिने तो डबा खिडकीतल्या उन्हात उघडा करून ठेवला. मग बेसिनपाशी जाऊन, कुणी न सांगता, साबण लावून हात धुतले. दोनदा.